क्युबोसोम पहिल्यांदा बनवताना: आधी जेल, मग कण

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प हातात पडलेल्या किंवा पीएच.डी.चा विषय नुकताच ठरलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. गाइडने ‘लिपिड लिक्विड क्रिस्टलाइन नॅनोपार्टिकल’ असा विषय दिलाय (क्युबोसोम हा त्यातलाच एक प्रकार), थोडेफार पेपर वाचून झालेत, पण बाटली नेमकी कोणती मागवायची आणि पहिल्या दिवशी काय करायचं ते कळत नाही, अशा वेळी हे उपयोगी पडावं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. लिपिड, पोलॉक्सॅमर (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं पॉलिमर) आणि पाणी एकत्र करून सोनिकेटर चालवला आणि १८० नॅनोमीटरचं दुधाळ द्रावण मिळालं, एवढ्याने क्युबोसोम होत नाहीत. तसंच दूध साध्या इमल्शनचंही होतं आणि लायपोसोमचंही (लिपिडच्या पोकळ, पाणी भरलेल्या पिशव्या). कणाच्या आत क्युबिक रचना असेल तरच तो क्युबोसोम. ती रचना तपासण्याची सर्वांत सोपी आणि जवळजवळ फुकट संधी कण बनवण्याच्या आधी मिळते. बहुतेक जण ती सोडून देतात आणि सहा महिन्यांनी अडकतात.

आत काय चाललेलं असतं

ग्लिसेरिल मोनोओलिएट (यापुढे जीएमओ) हा छोटा रेणू आहे. ग्लिसरॉलचं लहानसं पाणीप्रेमी डोकं आणि मध्ये वाकलेली ओलेइक आम्लाची एक शेपटी. डोकं लहान आणि शेपटी पसरट असल्यामुळे पाण्यात याचे थर सरळ बसत नाहीत, पाण्याच्या बाजूला वळतात. हा कल ‘पॅकिंग पॅरामीटर’ या आकड्यात मांडतात: शेपटीचं आकारमान भागिले (डोक्याचं क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी). तो १ च्या आसपास असला तर सपाट थर, म्हणजे लॅमेलर फेज (फेज म्हणजे रेणूंच्या रचनेची एक अवस्था). १ पेक्षा थोडा जास्त असला तर क्युबिक. आणखी वाढला तर पाण्याच्या नळ्या एकमेकींशेजारी रचलेली उलटी हेक्झागोनल फेज, आणि त्याहून पुढे गेलात तर उलटे मायसेल, म्हणजे आत पाणी धरलेले लिपिडचे सुटे सूक्ष्म गोळे.

क्युबिक फेजमध्ये लिपिडचा एकच अखंड दुहेरी थर त्रिमितीत वळत जातो आणि पाण्याचे दोन स्वतंत्र मार्ग वेगळे ठेवतो. एकाच इमारतीत दोन जिने असावेत आणि ते कुठल्याही मजल्यावर एकमेकांना मिळू नयेत, तसं. हे मार्ग साधारण ५ नॅनोमीटर रुंद असतात. या पृष्ठभागांचं गणित रसायनाच्या कितीतरी आधीचं आहे. डायमंड आणि प्रिमिटिव्ह हे दोन पृष्ठभाग हेर्मान श्वार्त्स यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले, तिसरा जायरॉइड अ‍ॅलन शोएन यांनी नासामध्ये असताना १९७० मध्ये. लिपिडमध्ये या तिन्ही रचनांना अनुक्रमे पीएन३एम, आयएम३एम आणि आयए३डी म्हणतात. ही नावं आत्ताच पाठ करून ठेवा, पुढे लागतील.

पाणी भरपूर असलं तरी ही फेज विरघळून जात नाही, ठराविक पाणी घेऊन थांबते. म्हणून तिचे तुकडे करून पाण्यात तरंगत ठेवता येतात. क्युबोसोमची सगळी कल्पना इथून आली आणि स्वीडनमध्ये कोरे लार्सन यांनी तिला आकार दिला. तुकडे न करता सलग जेल वापरणारी माणसंही आहेत. लांडाउ आणि रोझेनबुश यांनी १९९६ मध्ये याच जेलमध्ये पेशीपटलातल्या प्रथिनांचे स्फटिक वाढवण्याची पद्धत मांडली. ब्रायन कोबिल्का यांच्या गटाला २००७ मध्ये बीटा-२ अ‍ॅड्रिनर्जिक रिसेप्टर या पेशीपटलातल्या प्रथिनाची रचना मिळाली, त्यातही ती कामी आली. तुमच्या टेबलावर असणार आहे तो पदार्थ साधासुधा नाही.

बाटली निवडणं

इथे चुकलात तर पुढची कुठलीच पायरी सावरत नाही.

‘ग्लिसेरिल मोनोओलिएट’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळा माल विकला जातो. युरोपियन फार्माकोपियात त्याचे ४०, ६० आणि ९० असे तीन प्रकार आहेत. प्रकार ४० मध्ये मोनोग्लिसराइड ३२ ते ५२ टक्के, प्रकार ६० मध्ये ५५ ते ६५ टक्के आणि प्रकार ९० मध्ये ९० टक्क्यांहून जास्त असतं. उरलेला भाग मुख्यतः डाय- आणि ट्रायग्लिसराइडचा. डायग्लिसराइडला दोन शेपट्या, म्हणजे ते पॅकिंग पॅरामीटर वर ढकलतं आणि क्युबिकऐवजी हेक्झागोनल किंवा उलट्या मायसेलकडे नेतं. पेसिऑल किंवा कॅपम्युल जीएमओ-५० ही नावं आपल्याकडच्या कॉलेजांच्या स्टोअरमध्ये हमखास दिसतात. इमल्शनसाठी ती उत्तमच आहेत. पण त्यांत मोनोग्लिसराइड कमी असतं, आणि क्युबोसोमला ९० टक्क्यांच्या वरचाच माल हवा. विकणाऱ्याकडून त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागून घ्या आणि मोनोग्लिसराइडचा आकडा वहीत लिहा. तो आकडा नसलेल्या पेपरमधली रेसिपी तुमच्याकडे जशीच्या तशी चालेल, असं धरू नका.

दुसरा पर्याय फायटॅनट्रायॉल. सौंदर्यप्रसाधनांत वापरला जाणारा हा पदार्थ खोलीच्या तापमानाला दाट द्रव असतो. त्यात एस्टर बंध नाही, त्यामुळे आतड्यातली लायपेज एन्झाइम्स त्याला पचवू शकत नाहीत. जीएमओला पचवतात. तोंडावाटे द्यायच्या औषधात रचना टिकून राहायला हवी असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. उलट पेशींवरच्या चाचण्यांत फायटॅनट्रायॉलचे कण जीएमओच्या कणांपेक्षा जास्त विषारी आढळले आहेत. नवख्याने जीएमओपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. माहिती भरपूर आहे आणि किंमतही सोसण्यासारखी.

तिसरी गोष्ट पोलॉक्सॅमर ४०७, म्हणजे प्लुरॉनिक एफ-१२७. रेणुभार साधारण १२,६००. मधला पाणीद्वेष्टा भाग कणाला धरून ठेवतो आणि दोन्ही टोकांच्या लांब साखळ्या बाहेर पाण्यात पसरून कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. हे कोमट पाण्यात विरघळवायला जाऊ नका, गुठळ्या होतात. थंड पाण्यात भुरभुरवा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी स्वच्छ द्रावण मिळतं.

जीएमओ साधारण ३५ ते ३७ अंशांना वितळतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत बाटलीत अर्धं घट्ट आणि अर्धं पातळ असं दिसतं. वरवरचं चमच्याने काढून तोलू नका, कारण पातळ झालेल्या भागाचं आणि घट्ट भागाचं मिश्रण सारखं नसतं. बाटली गरम पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा, हलवा, आणि मग लहान गडद रंगाच्या कुप्यांत वाटून ठेवा. एकदाच गरम करा, रोज रोज नको.

कणांआधी जेल

आता खरं काम. काचेच्या सहा छोट्या व्हायल घ्या. प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम वितळलेलं जीएमओ. पहिली कोरी. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या व्हायलमध्ये लिपिडच्या १, ३ आणि ५ टक्के औषध विरघळवा. पाचवीत औषध नाही, पण पाण्याबरोबर ५० मिलिग्रॅम पोलॉक्सॅमर. सहावीत औषध आणि पोलॉक्सॅमर दोन्ही. सगळ्यांत वरून ५०० मिलिग्रॅम कोमट पाणी किंवा तुमचं बफर घाला, झाकण घट्ट लावा, थोडं सेंट्रिफ्यूज करा आणि दोन-तीन दिवस अंधारात ठेवून द्या. हे थांबणं टाळू नका. पाणी आतपर्यंत पोचायला वेळ लागतो.

कोरी व्हायल उलटी करून पाहा. जेल खाली सरकत नाही, काचेसारखं पारदर्शक असतं आणि जास्तीचं पाणी बाजूला वेगळं दिसतं. चिमटभर जेल काचपट्टीवर घेऊन दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये बघा. क्युबिक फेज सगळ्या दिशांनी सारखी असते, त्यामुळे ती पूर्ण काळी दिसते. लॅमेलर आणि हेक्झागोनल फेज चमकतात. लॅमेलरमध्ये तेलकट रेघा किंवा क्रॉसच्या आकृत्या दिसतात, हेक्झागोनलमध्ये पंख्यासारख्या. उलट्या मायसेलची फेजही काळीच दिसते, पण ती वाहते. थोडक्यात, काळी आणि घट्ट असेल तर क्युबिक, काळी आणि पातळ असेल तर नाही.

पोलरायझिंग मायक्रोस्कोप मिळत नसेल तर लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा. त्यातून येणारा प्रकाश आधीच पोलराइज्ड असतो. पुढे काचेची व्हायल धरा आणि डोळ्यासमोर पोलरायझिंग फिल्मचा एक तुकडा धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवा. जेल चमकतंय की काळं राहतंय ते कळतं. प्लॅस्टिकच्या व्हायल वापरू नका, त्या स्वतःच रंगीबेरंगी चमकतात.

आता औषधाच्या व्हायल पाहा. तुमच्या प्रकल्पाचं भवितव्य बहुतेक इथेच ठरतं. औषध हा रेसिपीतला निष्क्रिय पाहुणा नसतो, ते लिपिडच्या थरात शिरतं आणि वळण बदलतं. लिडोकेनचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. त्याचं हायड्रोक्लोराइड, म्हणजे विद्युतभारित रूप, मोनोओलिनमध्ये (हे जीएमओचंच दुसरं नाव) घातलं की डोक्यांच्या बाजूला बसून थर सपाट करतं आणि रचना लॅमेलरकडे जाते. तेच लिडोकेन बेसच्या रूपात घातलं तर शेपट्यांमध्ये शिरतं आणि रचना हेक्झागोनलकडे ढकलतं. औषध एकच, दिशा दोन विरुद्ध. म्हणून तुमच्या औषधाचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे अर्धे रेणू विद्युतभारित असतात तो आकडा) आणि वापरायच्या बफरचा पीएच शेजारी शेजारी लिहा आणि मगच पुढे जा. व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट किंवा ओलेइक आम्ल घातल्यावर हेक्झागोनल फेज मिळते आणि तिचे कण केले तर हेक्झोसोम. ते वाईट नाहीत. फक्त त्यांना क्युबोसोम म्हणू नका.

मग हेच निरीक्षण ३७ अंशांना करा. शुद्ध जीएमओची क्युबिक फेज साधारण ८५ अंशांच्या वर जाऊन हेक्झागोनल होते, फायटॅनट्रायॉलची ६० च्या आसपास. औषधामुळे हे तापमान बरंच खाली येऊ शकतं. लॅबमध्ये २५ अंशांना काळं दिसणारं जेल शरीराच्या तापमानाला चमकायला लागलं, तर रुग्णापर्यंत पोचणारी गोष्ट तुम्ही बनवलेली गोष्ट नाही.

चौथ्या व्हायलमध्ये न विरघळलेल्या औषधाचे स्फटिकही शोधा. मायक्रोस्कोपखाली आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये पाहिलं की काळ्या पार्श्वभूमीवर ते लखलखतात. जेलमध्येच औषध मावत नसेल तर कणांत मावणार नाही.

पहिलं औषध कोणतं घ्यावं? शक्य असेल तर विद्युतभार नसलेलं, पाण्यात कमी विरघळणारं आणि टिकाऊ. डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड चांगलं, डोळ्यासाठीच्या क्युबोसोममध्ये ते वापरूनही झालंय. करक्युमिनचा मोह होतो. स्वस्त आहे, रंग दिसतो, हळद आपली आहे. पण ३७ अंशांना, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये त्याचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. अशा औषधाचा रिलीज ग्राफ (कणातून किती औषध बाहेर पडलं त्याचा आलेख) म्हणजे रिलीज आणि विघटन यांची खिचडी, आणि ती नंतर वेगळी करता येत नाही.

आता कण

जेलच्या व्हायल मनासारख्या दिसल्या की कणांकडे वळा. सुरुवातीचं प्रमाण: ४५० मिलिग्रॅम जीएमओ, ५० मिलिग्रॅम पोलॉक्सॅमर ४०७ आणि साडेनऊ ग्रॅम पाणी.

वरून खाली जाणारी, म्हणजे जेल फोडून कण करणारी, पद्धत अशी. औषध विरघळवलेलं जीएमओ ४५ ते ५० अंशांना वितळलेलं ठेवा. पोलॉक्सॅमरचं द्रावणही त्याच तापमानाला आणा. मॅग्नेटिक स्टररवर द्रावण फिरत असताना लिपिड थेंबाथेंबाने सोडा. दोऱ्या आणि गोळे दिसतील, घाबरू नका, ते जेलच आहे. मग प्रोब सोनिकेटर: ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, मध्यम अ‍ॅम्प्लिट्यूड, एकूण पाच ते दहा मिनिटं, बीकर पाण्याच्या भांड्यात ठेवून. प्रोबचं टोक फार वर असेल तर फेस होतो, तळाला टेकलं तर काच फुटते, म्हणून मधोमध धरा. टायटॅनियमच्या प्रोबमधून बारीक करडे कण गळतात, ते नंतर हलक्या सेंट्रिफ्यूजने खाली बसवून काढून टाका. हाय-प्रेशर होमोजिनायझर असेल तर उत्तम, बॅच मोठी असेल तर तोच वापरावा लागतो.

खालून वर जाणाऱ्या पद्धतीत जीएमओ थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून फिरत्या पोलॉक्सॅमर द्रावणात सोडतात. पॅट्रिक स्पायसर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हायड्रोट्रोप (लिपिडला पाण्यात मिसळायला मदत करणारा पदार्थ) म्हणून इथेनॉल वापरून ही वाट दाखवली. जेल फोडायला लागणारी ऊर्जा वाचते आणि नाजूक औषधाला सोनिकेटरचा मारा बसत नाही. तोटा हा की उरलेलं इथेनॉल रचना ढिली करतं आणि ते रोटाव्हेपरवर काढताना पोलॉक्सॅमरमुळे प्रचंड फेस येतो. मोठा फ्लास्क घ्या आणि व्हॅक्यूम हळूहळू वाढवा.

चांगली बॅच दुधाळ पांढरी, कडेला निळसर झाक असलेली दिसते. दुसऱ्या दिवशी वर साय किंवा गोळे आले तर पोलॉक्सॅमर कमी पडलं. उलट फारच पातळ, अर्धपारदर्शक झालं तर पोलॉक्सॅमर जास्त झालं असावं आणि बरेचसे कण साध्या व्हेसिकलमध्ये, म्हणजे लायपोसोमसारख्या पोकळ पिशव्यांत, गेले असावेत.

व्हेसिकलचा प्रश्न दुर्लक्ष करण्यासारखा नाही. सोनिकेशननंतर क्युबोसोमबरोबर थोडे तरी व्हेसिकल असतातच. उपाय साधा आहे आणि आपल्याकडे फारसा वापरला जात नाही: बंद व्हायल ऑटोक्लेव्हमध्ये १२१ ते १२५ अंशांना २० मिनिटं ठेवून हळू थंड करणं. या उष्णतेत व्हेसिकल एकमेकांत मिसळतात आणि थंड होताना व्यवस्थित क्युबिक कण तयार होतात. आकार थोडा वाढतो, पण कणांची रचना सुधारते. औषध ही उष्णता सोसतं का आणि एस्टर बंध किती तुटतो, ते आधी तपासून घ्या.

मोजणं, आणि मोजमापाने फसू नये म्हणून

डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याची पद्धत) आकार १०० ते ३०० नॅनोमीटरमध्ये आणि पीडीआय (कणांचे आकार एकमेकांपासून किती वेगळे आहेत तो आकडा) ०.२ च्या खाली आला की समाधान मानायला हरकत नाही, पण फक्त आकाराबद्दल. पातळ करायचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, कणांचं द्रावण मात्र त्यातून गाळू नका. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार दाखवणारा आकडा) बहुधा ऋण येतं. पोलॉक्सॅमर आणि जीएमओ दोन्ही विद्युतभारहीन, मग हा भार कुठून आला असा प्रश्न व्हायव्हामध्ये हमखास येतो. जीएमओमध्ये अशुद्धी म्हणून असलेलं मुक्त ओलेइक आम्ल हे त्याचं मोठं कारण. त्यामुळे साठवणीत झीटा आणखी ऋण होत गेला तर लिपिड तुटतंय का, ही शंका घ्यायला हवी.

टीईएमबद्दल (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) माझं मत ठाम आहे. फॉस्फोटंगस्टिक आम्लाने रंगवून वाळवलेल्या नमुन्यात चौकोनी ठिपके दिसले म्हणून क्युबोसोम सिद्ध होत नाहीत. पाण्याशिवाय ही रचनाच नाही, आणि तुम्ही पाणी वाळवून टाकलंय. क्रायो-टीईएममध्ये गोठवलेल्या कणाच्या आत जाळी दिसते आणि आजूबाजूचे व्हेसिकलही दिसतात. तो पुरावा.

सर्वांत भक्कम पुरावा सॅक्स, म्हणजे लहान कोनातलं क्ष-किरण विकिरण. यात शिखरं कुठे येतात त्यांचं गुणोत्तर पाहायचं. पीएन३एमसाठी √२ : √३ : √४ : √६, आयएम३एमसाठी √२ : √४ : √६, आयए३डीसाठी √६ : √८ : √१४ : √१६ आणि हेक्झागोनलसाठी १ : √३ : २. हाताने एकदा करून पाहा. समजा शिखरं ०.८९, १.०९, १.२६ आणि १.५४ प्रति नॅनोमीटरला आली. पहिल्याने सगळ्यांना भागा: १, १.२२, १.४१, १.७३. हे √२ : √३ : √४ : √६ आहे, म्हणजे पीएन३एम. पहिल्या शिखरावरून जाळीचा आकार काढायला २π गुणिले √२ भागिले ०.८९, म्हणजे सुमारे १० नॅनोमीटर. पूर्ण भिजलेल्या जीएमओ जेलसाठी हा आकडा अगदी अपेक्षित आहे. इथे १.२२ चं शिखर महत्त्वाचं. आयएम३एममध्ये ते नसतं, १ नंतर थेट १.४१ येतं. नमुना पातळ असेल आणि ते शिखर गोंधळात बुडालं तर दोन्हींची गल्लत होते.

जीएमओ जेल पीएन३एम असलं तरी पोलॉक्सॅमरने बनवलेले त्याचे कण बहुधा आयएम३एम निघतात. पोलॉक्सॅमर थरात शिरून जाळी फुगवतो, म्हणूनच पाचवी व्हायल ठेवायला सांगितली. फायटॅनट्रायॉलमध्ये नेहमीच्या प्रमाणात पोलॉक्सॅमर असला तरी पीएन३एम टिकून राहते.

सॅक्ससाठी कॉलेजमध्ये यंत्र नसणारच. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात, आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर सॅक्सची बीमलाइन आहे. अर्ज लवकर करा. नमुना पाठवताना कण आणि जेल दोन्ही पाठवा आणि तापमान २५ व ३७ असं स्पष्ट लिहा.

आता एक काळजीची गोष्ट. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत पहिल्या महिन्यातच बॉक्स-बेन्केन डिझाइन (कोणत्या प्रमाणांच्या बॅच करायच्या ते ठरवणारी संख्याशास्त्रीय आखणी) लावलं जातं. जीएमओ, पोलॉक्सॅमर आणि सोनिकेशनचा वेळ हे घटक, आकार आणि एंट्रॅपमेंट (एकूण औषधापैकी किती टक्के कणांत अडकलं) हे प्रतिसाद. सॉफ्टवेअर सुंदर त्रिमित आलेख काढून देतं. पण त्या तेरा-पंधरा बॅचपैकी किती क्युबिक होत्या आणि किती व्हेसिकल, हा प्रश्न सॉफ्टवेअर विचारत नाही. दोन वेगळ्या फेजवर एकच गणिती पृष्ठभाग ताणून बसवला तर ‘ऑप्टिमाइज्ड’ बॅच कशाची, हे कुणीच सांगू शकत नाही. डिझाइन जरूर करा, पण ज्या मर्यादेत फेज एकच राहते ती जेलच्या व्हायलवरून ठरवून, तिच्या आत.

एंट्रॅपमेंट आणि रिलीज

एंट्रॅपमेंटसाठी लायपोसोमची सवय इथे लावू नका. लिपिडची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की सेंट्रिफ्यूज करून कण खाली बसतील याची खात्री नसते. सेंट्रिफ्यूगल फिल्टर ट्यूब वापरा आणि खाली गाळलेल्या पाण्यातलं मुक्त औषध एचपीएलसीवर मोजा. औषध फिल्टरलाच चिकटतं का, तेही साध्या द्रावणाने तपासा. न विरघळलेले स्फटिक फिल्टरच्या वरच राहतात आणि ‘एंट्रॅप’ झालेल्या औषधात मोजले जातात. ९९ टक्के एंट्रॅपमेंट आली की आनंदाआधी मायक्रोस्कोप गाठा.

रिलीजमध्ये तर जवळजवळ सगळेच अडखळतात. २०० नॅनोमीटरच्या कणात मध्यापासून कडेपर्यंत अंतर १०० नॅनोमीटर. औषधाचा विसरण वेग साध्या पाण्यातल्यापेक्षा हजारपट कमी धरला तरी हे अंतर कापायला काही मिलिसेकंदच लागतात. पाण्याचे मार्ग बाहेरच्या पाण्याला उघडे असतात. मग पाण्यात विरघळणारं औषध क्युबोसोममधून १२ तास सावकाश बाहेर येतंय असा ग्राफ कुठून येतो? बहुतेक वेळा डायलिसिस बॅगमधून. औषध कणातून केव्हाच बाहेर पडलेलं असतं, बॅगेच्या पडद्यातून बाहेर यायला त्याला वेळ लागतो, आणि आपण पडद्याचा वेग मोजून कणाच्या नावावर लिहितो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या बेन बॉइड यांनी २००३ मध्ये प्रेशर अल्ट्राफिल्ट्रेशन वापरून क्युबोसोममधून औषध झपाट्याने बाहेर पडतं हे दाखवलं होतं.

म्हणून डायलिसिस करायचंच असेल तर शेजारी दुसरी बॅग ठेवा: त्यात त्याच मात्रेचं साधं औषधाचं द्रावण, तेवढंच पोलॉक्सॅमर घालून. दोन्ही वक्र एकमेकांवर पडले तर तुमच्या कणाने वेग कमी केलेला नाही. सिंक कंडिशनसाठी, म्हणजे बाहेर पडलेलं सगळं औषध सहज विरघळावं म्हणून, बाहेरच्या माध्यमात ट्वीन किंवा एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) घालण्याची पद्धत आहे, इथे ती घातक ठरते, कारण हे सर्फॅक्टंट लिपिडची रचनाच मोडतात.

मग सावकाश रिलीज मिळतच नाही का? मिळतो, दोन वाटांनी. औषध इतकं तेलप्रेमी असेल की पातळ केल्यावरही ते लिपिड सोडायला तयार नसेल, तर कण त्याला धरून ठेवतात. दुसरी वाट कण न करता सलग जेल वापरण्याची. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. १०० नॅनोमीटरऐवजी १ मिलिमीटर अंतर असेल तर वेळ दहा कोटी पट, म्हणजे मिलिसेकंदांचे दिवस होतात. बाजारात यशस्वी झालेली लिपिड लिक्विड क्रिस्टलची औषधं पाहा, ती याच बाजूची आहेत. दातांच्या हिरड्यांसाठी मेट्रोनिडॅझोलचं एलिझॉल जेल जीएमओ आणि तिळाच्या तेलात होतं. लुंड इथल्या कॅम्युरस कंपनीचं ब्युव्हिडाल हे ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन सोया फॉस्फॅटिडिलकोलीन आणि ग्लिसरॉल डायओलिएट यांच्या पातळ मिश्रणात असतं. त्वचेखाली गेल्यावर ते शरीरातलं पाणी शोषतं, तिथेच जेल होतं आणि आठवडाभर किंवा महिनाभर औषध देत राहतं. त्याला युरोपात २०१८ मध्ये आणि अमेरिकेत ब्रिक्साडी या नावाने २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तुमचं उद्दिष्ट ‘महिन्यातून एक इंजेक्शन’ असं असेल तर सोनिकेटर बाजूला ठेवून याच दिशेने विचार करा.

कणांचं बळ वेगळं आहे. ते डोळ्याच्या पृष्ठभागावर जास्त वेळ टिकतात, त्वचेच्या आणि नाकाच्या आवरणाशी चांगले मिसळतात, आणि पाण्यात न विरघळणारं औषध विरघळलेल्या अवस्थेत तिथपर्यंत नेतात. प्रकल्पाचा हेतू लिहिताना हेच लिहा. शिरेतून द्यायचा विचार पहिल्या प्रकल्पात नको. जीएमओचे कण लाल रक्तपेशी फोडू शकतात आणि रक्तद्रवात त्यांची रचना टिकत नाही.

साठवण

तयार कण सवयीने फ्रिजमध्ये ढकलू नका. मोनोओलिनची क्युबिक फेज साधारण १७-१८ अंशांच्या खाली फक्त तात्पुरती स्थिर असते, आज ना उद्या लिपिडचे स्फटिक पडू शकतात. २५ अंशांच्या आसपास, गडद काचेत, हवा कमी ठेवून साठवा. आपल्या उन्हाळ्यात याचा अर्थ तापमान नियंत्रित कपाट असा होतो. फक्त मोजमापासाठी ठेवलेल्या नमुन्यात बुरशी नको म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालता येतं, पण ते विषारी आहे, त्या कुपीवर ठळक लिहा आणि पेशी किंवा प्राण्यांच्या प्रयोगाजवळही नेऊ नका.

पहिल्या, सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी आकार, पीएच आणि औषधाचं प्रमाण मोजा. पीएच खाली सरकत असेल तर ओलेइक आम्ल सुटतंय. सॅक्सची तारीख मिळेल तेव्हा पाठवायला नव्वदाव्या दिवसाचा नमुना आणि त्याच्याच वयाचं जेल वेगळं काढून ठेवा. ताज्या बॅचवर मिळालेली शिखरं जुन्या बॅचवरही त्याच जागी आली, तर स्थिरतेच्या प्रकरणात तुमच्याकडे लिहिण्यासारखं खरंच काहीतरी असेल.